डांबराची गोळी खाणारे जीव

आईच्या ट्रंकेत पैठणीच्या घडीत डांबराची गोळी असायची ना, तो वास म्हणजे नॅफ्थलीन. दोन बेंझीन रिंग (सहा कार्बनची कडी) एकमेकींना चिकटलेल्या, पीएएच (पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे अशा चिकटलेल्या रिंगांची संयुगं) नावाच्या प्रदूषकांच्या खानदानातलं हे शेंडेफळ. ज्या वासाने कसर पळते तीच गोष्ट काही बॅक्टेरिया जेवण म्हणून खातात, आणि एमएससीला असताना हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

प्लेटमध्ये नुसते क्षार आणि अगार (बॅक्टेरिया वाढवायची जेली), साखरेचा कण नाही, प्लेट उलटी ठेवून झाकणात नॅफ्थलीनचे चार खडे टाकायचे, त्याची वाफ वर जाते आणि तेवढ्यावर स्युडोमोनास नावाचा बॅक्टेरिया जगतो. तिसऱ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे पांढुरके ठिपके, म्हणजे बॅक्टेरियाच्या वसाहती, दिसले तेव्हा मी इन्क्युबेटरचं दार तसंच उघडं टाकून सगळ्यांना हाका मारत सुटले होते.

ही रिंग सहज फुटत नाही, फार घट्ट असते. मग बॅक्टेरिया काय करतो, तर डायऑक्सिजनेज नावाच्या एन्झाइमने हवेतल्या ऑक्सिजनचे दोन्ही अणू रिंगच्या दोन शेजारशेजारच्या कार्बनवर नेऊन बसवतो. तिथून रिंग उघडायला वाट मिळते, मग सॅलिसिलिक ॲसिड (हो, ज्याच्यापासून ॲस्पिरिन बनते तेच), मग कॅटेकॉल, आणि शेवटी सगळं पेशीच्या रोजच्या चुलीत. ऑक्सिजन नसेल तर हा रस्ताच बंद, खाडीच्या तळाशी काळ्या चिखलात ही घाण वर्षानुवर्षं पडून राहते त्याचं हे एक मोठं कारण.

यातला माझा सगळ्यात लाडका बॅक्टेरिया म्हणजे सीएसव्ही८६, बंगळुरूच्या मातीतला, आयआयटी बॉम्बेमध्ये त्याच्यावर खूप काम झालंय आणि आता त्याचं नाव स्युडोमोनास भारतिका आहे. समोर ग्लुकोज असलं की बाकीचे बहुतेक बॅक्टेरिया आधी त्याच्यावर तुटून पडतात, हा मात्र आधी नॅफ्थलीन संपवतो आणि मग ग्लुकोजकडे वळतो!

पण पाच रिंगांचं बेंझोपायरीन आलं की काम अवघड होतं, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मातीला चिकटून बसतं, बॅक्टेरियाच्या हाती लागणार कसं? म्हणून कोणी म्हणालं की तेल सांडलेल्या जमिनीवर बॅक्टेरियाची पावडर टाका, जमीन साफ, तर मी आधी विचारते की माती खालीवर कोण करणार, नायट्रोजन फॉस्फरस कुठून देणार, कारण तेलात कार्बन ढीगभर पण हे दोन्ही नावालाच. १९८९ साली एक्झॉन वाल्डेझ जहाजाचं तेल अलास्काच्या किनाऱ्यांवर पसरलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी खतच टाकलं होतं. तेल खाणारे बॅक्टेरिया तिथल्या दगडगोट्यांत आधीपासून होतेच.