तिसाव्या पंपाला काय होतं

यवतमाळकडे सप्टेंबरात कुठल्याही शेताच्या धुऱ्यावर उभं राहिलं की फवारणीचा सौदा ऐकू येतो. "पंपामागं किती?" रोजाने काम घेणारे आहेत, पण पंपावर मोजणारेच जास्त. हातपंपाने कपाशीच्या एकराला साधारण 200 लिटर पाणी लागतं, म्हणजे 15 लिटरचे 13-14 पंप. सव्वादोन एकर उरकलं की तीस पंप होतात. साडेचारशे लिटर विषारी पाणी पाठीवर वाहायचं आणि तोंडापुढे उडवायचं. पहिल्या पंपाला ओला झालेला शर्ट तिसाव्यापर्यंत अंगावरच असतो, कारण बदलायला थांबलं तर दोन पंप कमी होतात.

2017च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले आणि शेकडो जण दवाखान्यात पडले. शासनाने विशेष तपास पथक नेमलं, काही औषधांवर तात्पुरती बंदी आली, आणि तेव्हापासून दर हंगामात एकच उपदेश चालतो: मास्क, मोजे, ॲप्रनचं किट वापरा. किट वापरावंच, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण मास्क घातला नाही म्हणून कास्तकार मेला, एवढ्यावर विषय मिटवणं सोयीचं असलं तरी खरं नाही. त्या साली बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी माजली होती, पऱ्हाटी (कपाशीचं उभं पीक) माणसाच्या डोक्याला लागेल इतकी वाढून दाटली होती, आणि पंपात एका वेळी तीन-तीन, चार-चार औषधं पडत होती. यातली कुठलीच गोष्ट मास्कने सुटत नाही.

आधी मिश्रणाचं बघू. कृषी केंद्रावर कास्तकार जातो तो पिकाचं पान घेऊन आणि बहुतेकदा उधारीवर. परत येतो तेव्हा पिशवीत अळीचं एक, रसशोषक किडीचं एक, बुरशीचं एक, एखादं टॉनिक आणि वर विद्राव्य खत असतं. "सगळं एकातच टाका, मजुरी वाचेल." मजुरी वाचते हे खरं. पण प्रोफेनोफॉससारखं ऑर्गॅनोफॉस्फेट आणि सायपरमेथ्रीनसारखं पायरेथ्रॉइड, हे कीटकनाशकांचे दोन वेगळे गट, एकत्र आले की अळीच्या अंगात जे घडतं तेच माणसाच्याही अंगात घडतं. पायरेथ्रॉइड मोडून टाकणारी शरीरातली एन्झाइम्स ऑर्गॅनोफॉस्फेट बंद पाडतं आणि दुसरं विष जास्त वेळ टिकतं. अशी काही जोडमिश्रणं कंपनीकडूनच तयार येतात, त्यांची मात्रा लेबलवर असते. घरी बनवलेल्या मिश्रणाची मात्रा कुठेच लिहिलेली नसते, आणि दवाखान्यात डॉक्टरलाही कशावर इलाज करायचा ते कळत नाही.

ज्याला मिसळल्यावाचून गत्यंतर नाही त्याने निदान एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत त्याच पाण्याने, त्याच प्रमाणात मिश्रण करून अर्धा तास ठेवून पाहावं. दह्यासारखं फाटलं, तळाला गाळ बसला, वर तेलकट थर आला किंवा बाटली गरम लागली तर ते पंपात जाऊ देऊ नये. क्रमही असतो: आधी अर्धा पंप पाणी, मग भुकटी किंवा दाणेदार औषध वेगळ्या भांड्यात पातळ कालवून, त्यानंतर प्रवाही, आणि पाण्यात विरघळणारं सगळ्यात शेवटी. हाताने ढवळायचं नाही. हे लिहावं लागतं, कारण ढवळलं जातं हातानेच, कोपरापर्यंत.

आता झाकण. इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के या औषधाची मात्रा 10 लिटरला 2.5 मिली आहे, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला पावणेचार मिली. बाटलीच्या झाकणात बरेचदा 10 मिलीच्या आसपास बसतं. "एक झाकण" टाकलं की मात्रा अडीचपटीवर गेली. शिवाय झाकण पातळ, काठोकाठ भरलेलं, उघड्या बोटांत धरलेलं. पाण्यात मिसळण्याआधीचं हेच औषध सगळ्यात तीव्र असतं आणि नेमकं तेव्हाच हातमोजे घातलेले नसतात. मेडिकलच्या दुकानातून 10 मिलीची सिरिंज आणायची, सुई काढून फेकायची, त्यावर "फवारणी" असं लिहून ती पंपाच्या पिशवीतच ठेवायची. भुकटीसाठी पुड्याचाच हिशेब लावावा. फ्लोनिकामिड 50 टक्के 10 लिटरला 3 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरच्या एकराला 60 ग्रॅम. पुडा एकराचा असेल तर पंपांच्या संख्येने तो आधीच कोरड्या जागी वाटून ठेवावा.

पेट्रोलवरचा पॉवर पंप असेल तर गोष्ट आणखी बदलते. त्याला पाणी साधारण तिसरा हिस्सा लागतं, म्हणून औषध दर लिटरला तिप्पट टाकायची शिफारस असते. एकराला पडणारं औषध तेवढंच राहतं, पण अंगावर येणारा तुषार तिप्पट तीव्र आणि कितीतरी बारीक असतो. बारीक थेंब लवकर खाली बसत नाही, दाट पऱ्हाटीत लोंबकळत राहतो आणि नाकातोंडात जातो. पॉवर पंपाने काम लवकर होतं, ही त्याची जमेची बाजू. मात्र हातपंपाच्या सवयीने, एका रुमालावर तो चालवू नये.

रुमालाचं सांगायचं तर ओला रुमाल न बांधलेलाच बरा. तो तुषार अडवत नाही, शोषून ओठांशी धरून ठेवतो. पातळ रबरी मोजे, दवाखान्यातले, तेही कामाचे नाहीत. प्रवाही औषधात असलेलं द्रावक त्यातून आत उतरतं. मनगटाच्या वर येणारे नायट्राइलचे मोजे घ्यावेत. फवारा वर मारायचा असेल तेव्हा मोज्याची कड बाहेरच्या बाजूला दुमडायची, नाहीतर नोझलवरून ओघळलेलं पाणी सरळ बाहीत जातं. पॅंट गमबुटात खोचायची नाही, बाहेरून सोडायची. आणि मास्क घेण्याआधी प्लास्टिकचा ॲप्रन घ्यावा, पुढे आणि मागेही. कपाशीत सगळ्यात जास्त भिजतात त्या मांड्या, पाठ आणि हात. जांघेतली त्वचा तर औषध हाताच्या त्वचेच्या कितीतरी पट वेगाने ओढून घेते. विष नाकानेच जातं हा समज इथे घात करतो. पाठीवर पंपाचा वॉशर गळत असतो, दिवसभर तो थंडगार लागतो, बरंच वाटतं. सकाळी साधं पाणी भरून पंप दोन मिनिटं चालवून पाहिला आणि वॉशर बदलला तर महागड्या मास्कपेक्षा जास्त उपयोग होतो.

पूर्ण किट सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात कुणी तीन तासांवर घालू शकत नाही, हेही मान्य करायला हवं. म्हणून फवारणी सकाळी उरकायची, दुपार टाळायची, आणि मजुराला पंपावर नाही तर रोजावर लावायचं. मालकाला ते महाग पडतं. पडू द्यावं.

चालायची दिशा कुणीच शिकवत नाही. वारा पश्चिमेकडून असेल तर सुरुवात पूर्वेच्या कडेने करायची. ओळी उत्तर-दक्षिण चालायच्या आणि एकेक करून पश्चिमेकडे सरकायचं. मग तुषार फवारलेल्या बाजूला जातो आणि पाय पडतो तो कोरड्या झाडांत. उलटं केलं तर आपणच भिजवलेल्या पऱ्हाटीतून माणूस घासत जातो. छातीच्या वर गेलेल्या पिकात हेही पुरत नाही. त्याचा बंदोबस्त आधीच करायचा: युरियाचा हात आखडता घ्यायचा, पेरतानाच काही ओळींनंतर चालायला पट्टा सोडायचा, 80-90 दिवसांनी शेंडे खुडायचे.

नोझल तुंबलं की तोंडाने फुंकतात. तुंबतं ते नाल्याच्या गढूळ पाण्याने. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावं, जुना दातांचा ब्रश आणि एक जादा नोझल खिशात ठेवावं. तंबाखूची पुडी मात्र खिशात ठेवू नये. घरी ठेवावी.

सगळ्यात सुरक्षित पंप न मारलेला. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर फवारणीचा विचार. त्याच्या जोडीला शेतभर फिरून वीस झाडांची वीस हिरवी, मध्यम बोंडं तोडून दगडाने फोडून पाहायची. दोन किंवा जास्त बोंडांत अळी निघाली म्हणजे 10 टक्के, तिथे औषध लागतं. डोमकळ्या (अळीने धरलेली, नीट न उमललेली फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करायच्या. तुडतुडे पानामागे दोन-तीन, फुलकिडे दहा, पांढरी माशी आठ-दहा होईपर्यंत हात आवरायचा. पहिले दोन महिने निंबोळी अर्कावर बऱ्यापैकी निघतात. 5 किलो निंबोळीची भुकटी 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळायची, 1 लिटर पाण्यात विरघळवलेला 200 ग्रॅम साबणचुरा घालून एकूण 100 लिटर करायचं. फसतो तो जुन्या, काळ्या बुरशीच्या निंबोळीने, किंवा अर्क दोन दिवस ठेवल्याने. फरदडीचा, म्हणजे तेच पीक पुढे राखून पुन्हा बोंडं घ्यायचा, मोह सोडून डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली तर पुढच्या वर्षीची बोंडअळी कमी, म्हणजे पुढच्या वर्षीचे पंपही कमी.

औषध घ्यावंच लागलं तर डब्यावरचा त्रिकोण बघायचा. लाल अतितीव्र, मग पिवळा, निळा, हिरवा. तोच किडा हिरव्या किंवा निळ्या त्रिकोणाच्या औषधाने मरत असेल तर तांबड्याला हात लावायचं कारण नाही. हिरवा म्हणजे पिण्याचं पाणी नव्हे, एवढं ध्यानात असू द्यावं. बिल पक्कं, बॅच नंबरसह घ्यायचं.

बायकांचा विषय किटच्या पत्रकात येत नाही. फवारायला पुरुष असतो, पण पाणी भरून आणणारी, औषध कालवून देणारी आणि रात्री ते कपडे धुणारी बाई असते, आणि तिच्या हातात मोजे नसतात. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. जो फवारतो त्यानेच ते वेगळ्या बादलीत दोन पाण्यांनी काढावेत. लेबलवर सांगितलेले दिवस सरल्याशिवाय त्या शेतात वेचणीला कुणी जाऊ नये. रिकामा डबा तीनदा खळखळून ते पाणी पंपातच ओतायचं, डब्याला भोकं पाडायची आणि विहिरीपासून लांब पुरायचा.

आता विषबाधा झालीच तर. उन्हात मळमळलं, चक्कर आली की "ऊन लागलं" म्हणतात आणि लिंबूपाणी देऊन सावलीत झोपवतात. डोळे बघा. ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, तोंडाला लाळ सुटते, घाम थांबत नाही, छातीत खरखर ऐकू येते, दंडाचे स्नायू कातडीखाली फडफडतात. पायरेथ्रॉइडमध्ये चेहऱ्यावर जळजळ आणि झिणझिण्या आधी येतात. मिश्रण असेल तर चित्र सरमिसळ होतं, म्हणून लक्षणांची वाट पाहत बसायचं नाही.

माणसाला फवाऱ्यापासून दूर, वारा येतो त्या बाजूला न्यायचं. कपडे काढायचे, निघत नसतील तर कापायचे. साबण आणि भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवायचं, त्यात केस, कानामागे, नखं, जांघा सुटायला नकोत. धुणाऱ्याने स्वतः मोजे घालावेत. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार. उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी, दूध, तूप, चिंचेचं पाणी यांपैकी काही पाजायचं नाही. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवून ठेवायचं. 108ला फोन करायचा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांक मोफत आहे, डॉक्टरही तिथे विचारू शकतात. आणि औषधाचा डबा, रिकामा का असेना, सोबत न्यायचा, मिश्रण असेल तर सगळे डबे. ऑर्गॅनोफॉस्फेटला अ‍ॅट्रोपिन आहे, पायरेथ्रॉइडला उतारा नाही, नुसती लक्षणांवरची शुश्रूषा. कोणत्या बाजूने जायचं हे डबा सांगतो.

अ‍ॅट्रोपिननंतर काही तासांत माणूस बोलायला लागतो, चहा मागतो, आणि घरचे सुट्टी मागतात. इथे घाई करू नये. एक ते चार दिवसांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलायला सांगायचं. उचलता येत नसेल तर लगेच डॉक्टरला हाक मारायची. श्वास बसण्याआधीची ही खूण आहे.

विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते आणि दवाखान्यात पहिला संशय आत्महत्येचा असतो. सोबत आलेल्याने "फवारणी करताना" हे शब्द केसपेपरवर आणि पंचनाम्यात लिहून घ्यावेत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत फवारणीची विषबाधा बसते, मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात, अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा. पण ती योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्याची आणि त्याच्या घरातल्या एकाची. तीस पंप मारणाऱ्या मजुराच्या नावावर सातबारा नसतो. त्याच्यासाठी त्या अर्जात रकानाच नाही.