टाइप नमुना पुन्हा तपासताना

मातीतल्या ओरिबॅटिड माइटचं (कोळ्यांच्या नात्यातला सूक्ष्म जीव) जुनं वर्णन म्हणजे बरेचदा दोन ओळी आणि एक ढोबळ चित्र. नाव नेमकं कोणत्या जातीचं, हे मग टाइप नमुनाच, म्हणजे ज्यावर ते नाव बेतलं तो मूळ नमुनाच सांगतो. आधी लेबलावरचं ठिकाण, तारीख, हस्ताक्षर मूळ लेखाशी जुळवा. ते जुळलं नाही तर पुढची मोजमापं वाया.

स्लाइड उघडायची घाई करू नका, आणि संग्रहालयाच्या लेखी परवानगीशिवाय तर नाहीच. नमुना काचेवर बसवायला वापरलेलं होयरचं माध्यम पाण्यात सुटतं, कॅनडा बाल्सम या राळेला झायलीन हे द्रावक लागतं. सुटलेला नमुना लॅक्टिक ॲसिडमध्ये खोलगट स्लाइडवर घ्या, कव्हरस्लिपने (वरच्या पातळ काचेने) खोलगट भाग अर्धाच झाका आणि ती हळूच सरकवा. माइट कुशीवर वळतो, पायांचे केस दिसतात.

चपट्या झालेल्या नमुन्याची रुंदी फुगलेली असते, ती तुलनेला घेऊ नका. केस गळला तरी त्याच्या मुळाशी बारीक गोल खळगा उरतो. ते खळगेच मोजा. इथेच सर्वाधिक वेळ द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

सिंटाइपांत (मूळ लेखकाने एकच टाइप न ठरवता वर्णनासाठी वापरलेल्या नमुन्यांत) दोन जाती मिसळलेल्या निघाल्या, तर मूळ वर्णनाशी जुळणारा एकच नमुना लेक्टोटाइप, म्हणजे त्या नावाचा एकमेव आधार म्हणून निवडा. १९९९ नंतरच्या निवडीत ‘लेक्टोटाइप’ हा शब्द किंवा त्याचं नेमकं भाषांतर स्पष्ट लिहावंच लागतं.