कोटेशनमधल्या खालच्या दोन ओळी: सर्व्हरचं कॅल समजून घेताना

आमची कंपनी शिरोली एमआयडीसीत. कास्टिंग घ्यायचं, मशीनिंग करायचं, पुढे पाठवायचं. कामगार दीडशेच्या आत, आणि एक छोटं युनिट गोकुळ शिरगावला. आयटी विभाग वगैरे भानगड नाही. ज्याच्याकडे टॅली त्याच्याकडे कॉम्प्युटर, या न्यायाने अकाउंट्सबरोबर सर्व्हरही माझ्याच गळ्यात. जुन्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर 2012 आर2 होतं. त्याचा सपोर्ट 10 ऑक्टोबर 2023 ला संपला आणि पुढच्याच व्हेंडर ऑडिटमध्ये आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाने तो मुद्दा लाल रंगात लिहून पाठवला. मग नवा सर्व्हर घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

तीन कोटेशनं मागवली. हार्डवेअर तिघांचं जवळपास सारखंच, पण खालच्या बेरजेत भलतीच तफावत. सगळ्यांत स्वस्त कोटेशनमध्ये मायक्रोसॉफ्टची एकच ओळ होती: विंडोज सर्व्हर 2022 स्टँडर्ड, 16 कोअर (कोअर म्हणजे प्रोसेसरचे गाभे, सर्व्हरचं लायसन्स त्यांवर मोजतात). सगळ्यांत महागात त्याखाली आणखी दोन होत्या: 'युजर कॅल, 43' आणि 'आरडीएस युजर कॅल, 43'. कॅल म्हणजे क्लायंट अॅक्सेस लायसन्स, सर्व्हर वापरणाऱ्या माणसाचं किंवा यंत्राचं वेगळं लायसन्स. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, "ह्या दोन ओळी काढायला सांगा. सर्व्हर घेतला म्हणजे घेतला, परत माणसामागं पैसे कसले?"

प्रश्न रास्त होता. स्वस्तवाल्याला फोन केला तर तो हसून म्हणाला, "मॅडम, कॅल कोण घेतंय? सर्व्हर तसाबी चालतोय की." आणि गंमत म्हणजे त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. साध्या विंडोज सर्व्हर कॅलला अॅक्टिव्हेशनची की नसते, ते कुठे टाकायचं नसतं, आणि किती कॅल आहेत ते सर्व्हर मोजत बसत नाही. ते निव्वळ कागदावरचं हक्काचं लायसन्स. मंगल कार्यालयाच्या हॉलचं भाडं वेगळं आणि जेवणाच्या ताटाचा दर वेगळा, तसं आहे हे: कोअरचं लायसन्स म्हणजे हॉल, कॅल म्हणजे ताट. वाढपी पंगतीत कुणाला अडवत नाही, पण हिशेब होतो तेव्हा पानं मोजली जातात. आणि 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 63ब हे कलम आहे. जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्याला किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. हे कलम कॅल कमी असण्याला कितपत लागू होतं ते वकिलांनी ठरवावं. मला मात्र ऑडिटमध्ये 'सर्व लायसन्स आहेत' या रकान्यापुढे सही करायची होती.

तरीही साहेब कदाचित बधले नसते. बधले ते गोकुळ शिरगावच्या युनिटमुळे. तिथे आधीच्या वर्षी एक छोटा सर्व्हर बसवला होता. सगळे रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपल्या पीसीवरून सर्व्हरचा पडदा उघडून, त्यावर येऊन टॅली वापरायचे, छान चाललं होतं. एका सोमवारी सकाळी कुणालाच आत जाता येईना. पडद्यावर इंग्रजीत संदेश, की लायसन्स देणारा सर्व्हर उपलब्ध नाही म्हणून सेशन बंद केलं. त्यातच त्या दिवशी जीएसटी रिटर्नची गडबड. बसवणारा माणूस आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "काळजी करू नका मॅडम, रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमधली, एक एंट्री उडवतो, परत चार महिने बघायला नको."

तेव्हा कळलं की रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे आरडीएसचं, कॅल वेगळं असतं आणि ते साध्या कॅलच्या ऐवजी नव्हे तर त्याच्या वर घ्यावं लागतं. विंडोज सर्व्हरवर आरडीएसचा रोल, म्हणजे ती सोय, टाकली की 120 दिवसांची सवलत मिळते. तेवढ्या मुदतीत लायसन्स सर्व्हर जोडला नाही की दार बंद. कॅलशिवाय रिमोटने आत जाता येतं ते फक्त दोघांना, तेही सर्व्हरची देखभाल करायला. टॅलीत व्हाउचर टाकणं देखभालीत बसत नाही, कितीही ओढून ताणून बसवलं तरी. एंट्री उडवायची त्याची युक्ती मी चालू दिली नाही. दोन दिवस टॅली एकाच मशीनवर चालवलं आणि आरडीएस कॅल घेतली.

आता मोठ्या युनिटचा हिशेब. 43 हा आकडा आला कुठून? व्हेंडरने जुन्या सर्व्हरमधली लॉगिनची यादी काढली होती. मी ती यादी छापून पेन घेऊन बसले. त्यात 'टेस्ट', 'टेम्प1', 'स्कॅनर', नोकरी सोडून गेलेले सहाजण, आणि आमच्या जुन्या स्टोअरकीपरचं नाव दोन वेगवेगळ्या स्पेलिंगनी. कॅल लॉगिनवर नसतंच. ते असतं हाडामांसाच्या माणसावर किंवा एखाद्या यंत्रावर. युजर कॅल घेतलं की तो माणूस ऑफिसचा पीसी, घरचा लॅपटॉप, मोबाइल, कुठूनही आणि कंपनीच्या कितीही विंडोज सर्व्हरवर येऊ शकतो. डिव्हाइस कॅल घेतलं की त्या एका यंत्रावर कितीही माणसं बसू शकतात. दोन्हींची सरमिसळ चालते. हे शेवटचं वाक्य कुठल्याच कोटेशनवाल्याने सांगितलं नव्हतं, आणि सगळे पैसे त्यातच वाचले.

मग मी यादी बाजूला ठेवून शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात तिथे, फिरले. कोण कुठे बसतो, किती वाजता उठतो, त्याच्या जागेवर कोण येतो. स्टोअर, क्वालिटी, डिस्पॅच आणि दोन लाइनचे पीसी, असे पाच पीसी तीन शिफ्टमध्ये फिरतात. रिलीव्हर धरून त्यांवर पंधरा-सतरा माणसांचा हात पडतो, आणि त्यातलं कुणी दुसऱ्या पीसीला शिवत नाही. तिथे पाच डिव्हाइस कॅल पुरली. उलट साहेबांकडे ऑफिसचा पीसी, लॅपटॉप, घरचा पीसी आणि दोन फोन. सेल्सची माणसं महिन्यातले पंधरा दिवस पुणे-बेळगाव फिरतीवर. त्यांच्यासाठी युजर कॅल. स्वतःची ठरलेली खुर्ची असलेले किंवा फिरतीवरचे असे चौदाजण निघाले.

अडली ती तीन ठिकाणं.

पहिलं, पंचिंग मशीन. कामगार अंगठा लावतात, मशीन ती नोंद सर्व्हरवरच्या पेरोल सॉफ्टवेअरला पाठवतं. म्हणजे कामगार आडमार्गाने सर्व्हर वापरतात असंच झालं. नियम स्पष्ट आहे की मधे दुसरं यंत्र किंवा सॉफ्टवेअर घातलं, सगळ्यांचं काम एकाच लॉगिनमधून वळवलं, तरी कॅलची संख्या कमी होत नाही. मोजायचं ते टोकाला. याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. आमच्याकडे टोकाला एकच मशीन होतं, त्यामुळे त्याला एक डिव्हाइस कॅल दिलं. पण त्याच सुमारास एचआरने पगाराची स्लिप मोबाइल अॅपवर द्यायची टूम काढली होती. अॅप थेट आमच्या सर्व्हरवरून माहिती उचलणार, म्हणजे दीडशे माणसांना दीडशे कॅल. स्लिप छापून हातात दिली तर मात्र कॅलचा प्रश्नच येत नाही. अॅप तूर्त बारगळलं. एचआरची आमच्यावर अजून खप्पामर्जी आहे.

दुसरं, कॅमेरे. सीसीटीव्हीचे कॅमेरे आणि प्रिंटर यांना आयपी अॅड्रेस जुना विंडोज सर्व्हरच वाटायचा. विंडोजच्या डीएचसीपीकडून (अॅड्रेस वाटणाऱ्या सेवेकडून) अॅड्रेस घेणारं यंत्रही कॅलच्या हिशेबात धरतात, हे वाचून मी आधी विश्वासच ठेवला नाही. कॅमेऱ्यांसाठी कॅल घ्यायचं म्हणजे फारच झालं. ते काम फायरवॉलकडे वळवलं, प्रश्न मिटला.

तिसरं, सीएच्या ऑफिसमधून ऑडिटला येणारी मुलं. दरवर्षी वेगळी येतात. बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी एक्स्टर्नल कनेक्टर नावाचं वेगळं लायसन्स असतं, पण आपल्या आवारात बसून आपल्यासाठी काम करणारे त्यात मोडत नाहीत. अकाउंट्सच्या केबिनमधला एक पीसी त्यांच्यासाठी ठरवला आणि त्याला डिव्हाइस कॅल दिलं. कोण का येईना, बसायचं तिथेच.

बेरीज: 14 युजर, 7 डिव्हाइस. 43 ऐवजी 21.

आरडीएसला मात्र सरमिसळ चालत नाही. एका रिमोट सर्व्हरवर एकच पद्धत ठेवावी लागते, युजर किंवा डिव्हाइस. शॉपमधले पीसी ईआरपी, म्हणजे कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर, थेट नेटवर्कवरून उघडतात, त्यांना रिमोटची गरजच नाही. गरज होती ती साहेब, सेल्स आणि अकाउंट्सच्या नऊजणांना, म्हणून नऊ आरडीएस युजर कॅल. हे कॅल साध्या कॅलपेक्षा बरंच महाग असतं, त्यामुळे 43 वरून 9 वर येणं ही खरी बचत. व्हेंडर सर्व्हर डोमेनशिवाय (डोमेन म्हणजे सगळ्यांची लॉगिन एका जागी सांभाळणारी व्यवस्था), वर्कग्रुपमध्ये, म्हणजे सुटा, ठेवायच्या विचारात होता. युजर पद्धतीत ते चालत नाही. 2019 पासूनच्या आवृत्त्यांत तासाभराने सेशन तोडण्याची सूचना येते. स्टँडर्ड लायसन्समध्ये सगळे कोअर धरले की दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रात दोन आभासी सर्व्हर, चालवता येतात, म्हणून एकात डोमेन आणि दुसऱ्यात टॅली असं बसवून घेतलं.

ईआरपीवाल्यांनी एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्डचंही (हे मायक्रोसॉफ्टचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर) कोटेशन जोडलं होतं, त्याची परत वेगळी कॅल. आमचा डेटाबेस उघडून पाहिला तर चार जीबीसुद्धा नव्हता. एसक्यूएल सर्व्हर 2022 ची एक्सप्रेस आवृत्ती फुकट आहे, एका डेटाबेसला 10 जीबीपर्यंत चालते आणि तिला एसक्यूएलचं कॅल लागत नाही. विंडोजचं लागतंच. मी सरळ विचारलं, "एक्सप्रेसवर चालेल का?" पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही, मग "चालेल, मॅडम."

ऑर्डर द्यायच्या दिवशी एकाने शिल्लक पडलेली 2019 ची कॅल निम्म्या दरात देऊ केली. 2022 चं कॅल घेऊन 2019 किंवा 2016 च्या सर्व्हरवर जाता येतं, पण जुनं कॅल घेऊन नव्या सर्व्हरवर नाही. त्यामुळे स्वस्तातली ती कॅल आमच्या काडीच्या उपयोगाची नव्हती. ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळणाऱ्या 'पन्नास आरडीएस कॅलच्या की' त्याहून गमतीशीर. बिलावर जीएसटी नंबरही नसतो, ऑडिटरला काय दाखवायचं? रीतसर बिल असलं तर 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं आणि सॉफ्टवेअरवर संगणकाबरोबर 40 टक्के घसाराही. साहेबांना लायसन्सच्या नियमांपेक्षा हे वाक्य जास्त पटलं.

आता एक साधं रजिस्टर ठेवलंय: कॅलचा प्रकार, कुणाच्या किंवा कुठल्या यंत्राच्या नावे, कधीपासून. एकदा दिलेलं कॅल एरवी 90 दिवसांच्या आत दुसऱ्याकडे फिरवता येत नाही. माणूस नोकरी सोडून गेला किंवा यंत्र कायमचं बंद पडलं तर अपवाद. गेल्या महिन्यात सेल्समधला एकजण गेला आणि त्याच्या जागी नवी मुलगी आली, तेव्हा जुनं नाव खोडून तिचं लिहिलं. दोन्ही युनिटना रजिस्टर एकच आहे, कारण युजर कॅल असलेल्या माणसाला गोकुळ शिरगावच्या सर्व्हरसाठी वेगळं साधं कॅल घ्यावं लागत नाही. 2025 ची आवृत्ती आलेली आहे. ती टाकायची झाली तर कॅल नव्याने घ्यावी लागतील, म्हणून सध्या त्या वाटेला जायचं नाही असं ठरलंय.