वरचं पाणी गोडं

खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर शेतातल्या पाण्याचे दोन थेंब टाकले, निळी रेघ एकाच्या जरा वर थांबली. सव्वा धरा. लिटरला सव्वा ग्रॅम मीठ. रात्रभर पाऊस कोसळला होता, लावणीची आठ जणांची टोळी बांधावर तयार बसली होती आणि होडीतून रोपांच्या जुड्या उतरत होत्या. आकडा ऐकताच टोळी उठली. माझ्यासोबतची तंत्रज्ञ मुलगी तेवढं ऐकून थांबली नाही, तिने दोरीची बाटली खंदकात सोडली.

मी कोळंबीच्या खाद्याच्या कंपनीत काम करतो. व्हिएतनामच्या दक्षिण टोकाला, मेकाँगच्या मुखाकडचा हा भाग, होंग यान. कागदावर परवापर्यंत बाक लियू प्रांत होता. 1 जुलै 2025 पासून बाक लियू का माऊत विलीन झाला आणि देशभरात जिल्हा ही पातळीच उठली. आमचे फॉर्म अजून जुनेच आहेत, आणि खारेपणाचा प्रश्न घेऊन जिल्ह्याच्या ज्या खुर्चीकडे जायचं ती खुर्चीच राहिली नाही.

इथली शेती कोळंबी-भाताची. उन्हाळ्यात खारं पाणी आत घेऊन टायगर कोळंबी, पावसात मीठ धुऊन त्याच जागी भात. मधे सपाट चौथरा, भोवती मीटरभर खोल खंदक. खंदकात जागेचा चौथा हिस्सा जातो. कोळंबी विरळ सोडतात, चौरस मीटरला दोन-तीन पिल्लं, आणि तिला विकतचं खाद्य जवळजवळ लागत नाही. कुजलेल्या भाताच्या धसकटांवर जे वाढतं तेच ती खाते. भातावर कीटकनाशक मारायची सोय नाही, कारण पुढच्या हंगामात कोळंबी मरते. आमच्या कंपनीचा या शेतात फारसा धंदा नाही. तरी आम्ही जातो, कारण शेजारच्या तळ्यात धंदा आहे.

ही व्यवस्था कुणी कचेरीत बसून आखलेली नाही. नव्वदच्या दशकात सरकारनं इथे खारं पाणी अडवायला दरवाजे बांधले, का तर भाताची जास्त पिकं निघावीत. कोळंबीला भाव आला आणि 2001 मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी लांग त्रामचं धरण फोडून खारं पाणी आत घेतलं. त्यानंतर दरवाजे केव्हा उघडायचे आणि केव्हा लावायचे, हे दोन्ही पिकांकडे बघून ठरू लागलं. रायगडच्या खारपट्ट्यात ज्यांनी उघाडीच्या दारांवरून भांडणं पाहिली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच, की आपल्याकडे बांधाला खांड गेली की पुष्कळदा शेत कायमचं कांदळवनाला जातं. इथल्या लोकांनी त्याच खाऱ्या पाण्याचं दुसरं पीक केलं.

तर बाटली. अर्ध्या लिटरची, बुडाला शिशाचं वजन, बुचाला वेगळी दोरी. तळाशी टेकली की बुचाची दोरी ओढायची, बुडबुडे थांबले की वर घ्यायची. पाऊस पडला की गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, आणि वारा नसेल तर दोन-दोन दिवस मिसळत नाही. वाकून ओंजळीनं घेतलेलं पाणी म्हणजे कालचा पाऊस. शिवाय रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या पाण्यासाठी बनलेला, शंभरपर्यंतची पट्टी, एकेक ग्रॅमची रेघ. कोळंबीला पंधरा की सोळा हे सांगायला तो उत्तम आहे. भाताचा फैसला एक आणि तीनच्या मधे होतो, आणि तिथे त्याची चूकच एका ग्रॅमची. त्यातून सकाळी डिस्टिल्ड पाण्यानं शून्य लावलेला नसेल तर विचारूच नका. इथे निम्मे लोक शून्य लावतात ते नळाच्या पाण्यानं.

विद्युतवाहकता मोजणाऱ्या मीटरवर वरचं पाणी 2.4 मिलिसीमेन्स आलं, खंदकाच्या तळाचं 11.8. म्हणजे तळाला लिटरमागे साडेसहा-सात ग्रॅम.

पण रोप खंदकात लावत नाहीत. चौथऱ्याच्या चिखलात काय आहे ते बघायला आम्ही 27 मिलिमीटरची पीव्हीसी नळी वापरतो. खालच्या वीतभर भागाला तापल्या खिळ्यानं भोकं, त्यावर जाळीच्या कापडाचे दोन वेढे, बुड बंद. पंधरा सेंटिमीटर चिखलात रोवायची आणि वरचं पाणी कडेनं आत उतरू नये म्हणून भोवती चिखल दाबायचा. आत झिरपलेलं पहिलं पाणी पिचकारीनं काढून फेकायचं, वीस मिनिटांनी येईल ते मोजायचं. पहिलं फेकलं नाही तर पुन्हा वरचंच पाणी मोजलं जातं. आमच्याच दोन पोरांनी मागच्या वर्षी महिनाभर तेच केलं होतं. भात वाहकता तीनपर्यंत सोसतो, पुढे दर एकामागे बाराएक टक्के उत्पन्न घटतं, असं पुस्तकं सांगतात. नुकत्या उपटून लावलेल्या रोपाला टक्केवारी नसते. ते एकतर जगतं नाहीतर आठवड्यात शेंडे पांढरे पडून गुंडाळतं.

सहा नळ्या लावल्या. उंच बाजूला 2.9 आणि 3.4, मधे 4.6 आणि 5.2, सखल बाजूला 6.1. पूर्वेच्या बांधालगत 9. तो नऊचा आकडा बघून मी नळी उपटून पुन्हा लावली. पुन्हा नऊच.

पूर्वेच्या शेजाऱ्यानं भात सोडून दिलाय. त्याच्याकडे प्लास्टिकच्या अस्तराची व्हेनामी कोळंबीची गोल तळी आहेत, रात्रंदिवस हवा घालणाऱ्या पंख्यांची घरघर. बाजूच्या साठवण तळ्यात तो वर्षभर खारं पाणी धरून ठेवतो. त्या तळ्याला अस्तर नाही, आणि पातळी या शेतापेक्षा हातभर वर. पाणी बांधाखालून येतं. त्याला आमचं खाद्य जातं, त्यामुळे त्याच्या बांधाबद्दल बोलायला आमच्याकडे फारसं तोंड नाही.

शेत चू तू यांचं. चू म्हणजे काका, तू म्हणजे चार. दक्षिणेत थोरल्याला 'दोन' म्हणतात, 'एक' कुणालाच नाही. म्हणजे हे चारकाका आईबापांचं तिसरं अपत्य. वीस कोंगची शेती. कोंग म्हणजे इथे हजार चौरस मीटर, पण जुनी माणसं 1296 चौरस मीटरचा मोठा कोंग धरतात, तेव्हा चुन्याचा हिशेब करण्याआधी कुठला कोंग ते विचारावं. आम्ही आकडे वाचून दाखवले आणि आठवडाभर थांबा म्हटलं. ते म्हणाले, "टोळी आज आहे. मीठ काय, पुढच्या आठवड्यातही असेल."

टोळीत पन्नाशीच्या आतलं कुणी नव्हतं. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशाची लोकसंख्या 2009 च्या गणनेत 1 कोटी 72 लाख होती, 2019 मध्ये 1 कोटी 73 लाख. देशाची त्याच काळात एक कोटीनं वाढली. तरणी माणसं बिन्ह ज्युओंग, दोंग नाय, सायगावच्या कारखान्यांत आहेत. चारकाकांची दोन्ही मुलंही तिकडेच. गोड्या पाण्याच्या भागात यावर तोड म्हणून ड्रोननं बी फेकतात. खाऱ्या चिखलात फेकलेलं बी उगवतं, पण दोन पानांचं झालं की जळतं. इथे महिन्याभराचं रोप हातानंच लावावं लागतं, आणि हात भाड्यानं आणावे लागतात. ही टोळी आज आणि उद्या इथे, परवा दुसऱ्या गावी, आणि परत यायची शाश्वती नाही. रोपं पस्तीस दिवसांची झालेली. आमच्या तक्त्यात पाऊस, पीएच, खारेपणा यांचे रकाने आहेत, टोळीचा नाही.

शेवटी ठरलं असं. उंच बाजूचे पाच कोंग आज लावायचे. बाकीच्या रोपांच्या जुड्या सैल करून गोड्या पाण्याच्या डबक्यात उभ्या ठेवायच्या. दुपारच्या ओहोटीला बांधातल्या 114 मिलिमीटरच्या नळाचा कोपर आत वळवून तोंड खंदकाच्या तळाशी न्यायचं, म्हणजे आधी जड खारं पाणी बाहेर जातं; दाराची फळी वरून काढली तर जातो तो पाऊस, आणि मीठ राहतं. खंदक चौथऱ्याच्या खाली वीतभर उतरला की चौथऱ्याचं पाणी सोडायचं. मग कोंगला चाळीस-पन्नास किलो चुना, नवं पावसाचं पाणी, चिखलणी, दोन दिवस मुरवण आणि पुन्हा तळातून निचरा. चुन्यातला कॅल्शियम चिखलाला धरून बसलेला सोडियम सोडवतो, म्हणून नुसतं पाणी बदलण्यापेक्षा एक धुवण वाचते. जमीन मात्र भेगाळू द्यायची नाही. इथे खाली फेन, म्हणजे तुरटीची माती आहे: हवा लागली की तिच्यातलं गंधक पेटतं, पीएच चारच्या खाली जातो आणि पाणी गंजासारखं तांबडं होतं. पाणी वाचवायला शेत मधूनमधून कोरडं करा, हा गोड्या पट्ट्यातला सल्ला इथे ऐकला तर दुहेरी मार: खालून मीठ वर येतं, वरून आम्ल.

पूर्वेच्या बांधालगत आतल्या अंगाला हातभर रुंद चर काढायला सांगितला, झिरपा तिथेच धरून खंदकात न्यायला. तो एकट्या माणसाला दोन दिवसांचा फावड्याचा धंदा होता. तो काही झाला नाही.

टोळीनं त्या दिवशी पाच कोंग लावले. दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या गावात होतो, आणि टोळीनं उरलेल्यातले सहा लावून टाकले. मधल्या पट्ट्यातले चार, आणि बांधालगतचे दोन.

नवव्या दिवशी गेलो तेव्हा उंच बाजू हिरवीगार. मधे शेंडे जळालेले, पण गाभ्यातून नवं पान निघत होतं. हे इथलं जुनं 'मोत बुइ दो' वाण, उंच, चिवट. सुगंधी एसटी जातींपेक्षा मिठाला टिकतं. बांधालगतचे दोन कोंग गेले. न लावलेल्या चार कोंगात चारकाका आणि काकू दोघंच वाकून लावत होते, दिवसाला जेमतेम कोंगभर. तिथल्या नळीत 3.1 आलं. नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायला ठेवलेली रोपं पंचेचाळीस दिवसांची, कांड धरायला लागलेली.

आमच्या फॉर्ममध्ये लावणीच्या दिवसाच्या खारेपणाला एकच चौकोन आहे. मुलीनं तो मोकळा सोडून फॉर्म पाठवला, कचेरीतून दोनदा फोन आला. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच आमच्या सकाळच्या मेसेजमधून 1.25 उचलून भरलं. काकांनी जाताना एकच विचारलं: पाचशे मीटरवर वाहत्या पाण्याचा कालवा आहे, त्याचं पाणी तरी मोजून द्याल का? आम्ही तिथेही आधी बाटली तळाला सोडली.