राष्ट्रीयत्वाचा रकाना

शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद होते ते जनरल रजिस्टर मी कुणाला भरू देत नाही. सरकारी पोर्टलवरची चूक नंतर सुधारता येते, रजिस्टरातली जन्मभर माणसाच्या मागे लागते. २०२३च्या जूनमध्ये त्याच रजिस्टरात माझ्या हातून खाडाखोड झाली.

सोलापूर महापालिकेच्या मराठी शाळेत मी मुख्याध्यापिका आहे. त्या सकाळी नवी पेठेतल्या कापड दुकानात कामाला लागलेले एक सिंधी गृहस्थ नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. फेब्रुवारीत सिंधमधून आलेलं हिंदू कुटुंब. हातात पासपोर्ट आणि पोलिसांकडच्या परकीय नागरिक नोंदणीचा कागद. जुन्या शाळेचा दाखला नाही, आधार नाही. आधारसाठी १८२ दिवस राहावं लागतं, तेवढे झाले नव्हते. वरच्या कार्यालयात फोन केला तर उत्तर आलं, "आधार नसेल तर थांबवून ठेवा, बाई." शिक्षण हक्क कायद्याचं चौथं कलम वयानुरूप वर्गात बसवा म्हणतं. ते मी फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा "तुमच्या जबाबदारीवर घ्या" झालं.

आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही आणि १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. पोलीस नोंद करून घेतात. त्यापुढे शहराने अशा कुटुंबाला कसं सामावून घ्यायचं, ते टेबलामागे कोण बसलंय यावर ठरतं. हे मला अजिबात पटत नाही.

पोरीला मराठीचं अक्षर येत नव्हतं. याचं मला फारसं वाटलं नाही. आमच्या पूर्वभागात निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, कुणी कन्नड. पालिकेच्या शाळाच चार माध्यमांच्या आहेत. पण वर्गशिक्षिकेने गणित घातलं आणि लगेच "पहिलीत बसवा" म्हणाल्या. मी वही पाहिली. उत्तरं बरोबर होती, अंक वेगळे होते. तिचं शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि आपलं गोल शून्य तिला पाच वाटत होतं. भाषा येत नाही म्हणजे पोर कच्ची, ही आम्हा शिक्षकांची जुनी खोड आहे.

त्याच आवारात उर्दू शाळा भरते. तिथल्या बाईंना बोलावलं. सिंधीची उर्दूसारख्याच अरबी वळणाची बावन्न अक्षरं त्यांनाही सगळी लागेनात, पण उर्दूचं पुस्तक पुढे धरताच पोरगी धडाधड वाचू लागली. "चौथीला भारी आहे हो ही," बाई म्हणाल्या. आमच्या शाळेत येऊ दे, असंही म्हणाल्या. वडील संकोचले. मुलीला मराठीच शिकवायची, इथंच राहायचंय, म्हणाले. मग ठरलं: वर्ग चौथीचा मराठी, आणि रोज मधल्या सुट्टीआधी अर्धा तास उर्दूच्या बाई तिला मराठी अक्षरं शिकवणार, कारण तिच्या लिपीतून समजावणं त्यांनाच जमत होतं. याचा त्यांना एक पैसा मिळाला नाही आणि कुठल्या अहवालात उल्लेखही नाही.

मग रजिस्टर उघडलं. जन्मगाव विचारलं, तर वडिलांनी मी न विचारताच तालुका, जिल्हा क्रमाने सांगितला. जिल्हा मीरपूरखास. तिकडे अजून तालुकाच म्हणतात. १९३६पर्यंत सिंध आणि सोलापूर एकाच मुंबई इलाख्यात होते, हे मी वर्गात कितीदा शिकवलंय, पण असं कधी कानावर पडलं नव्हतं. त्या नादात पेन पुढे सरकलं आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात सवयीने लिहून गेले, "भारतीय".

वडिलांनी ते वाचलं, बहुधा हिंदी येत असल्याने. काही बोलले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र असा काही उजळला की मला पासपोर्टकडे बघवेना.

खोटी नोंद पुढे त्यांच्याच अर्जाला नडली असती. नवी नागरिकत्व दुरुस्ती ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्यांसाठी, म्हणजे त्यांना ती लागू नाही. साधा रस्ता एकूण बारा वर्षांच्या वास्तव्याचा. मी लाल शाईने शब्द छेदला, वर "पाकिस्तानी" लिहिलं, शेजारी सही केली. पोरगी पेनाच्या टोकाकडे बघत होती. "मॅडम, कट किया?" एवढंच विचारलं तिने.

आता ती सहावीत आहे, मराठीत माझ्याशी भांडते. सातवी झाली की दाखला मीच लिहीन. त्यावर लाल रेघ उतरणार नाही, वरचा शब्द तेवढा उतरेल. नागरिकत्व मिळाल्यावर ही नोंद बदलायची रीत काय, हे मी कार्यालयाला लेखी विचारलंय. दोन स्मरणपत्रं झाली.