थोडं म्हणजे किती चमचे?

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या मराठी मंडळातल्या एका डॉक्टर मित्राने मला इथल्या रीसर्च एथिक्स कमिटीत ओढलं. मी हिशेब तपासणारी बाई, औषधातलं मला काय कळतंय, असं म्हटल्यावर तो म्हणाला, ‘म्हणूनच ये.’ इथे अशा कमिट्यांत निदान एक तृतीयांश सदस्य सर्वसामान्य लोकांमधले लागतात. पगार नाही, जाण्यायेण्याचा खर्च मिळतो. माणसांवर कुठलंही औषध किंवा उपचार करून बघायचा असेल तर संशोधकाने आधी या कमिटीसमोर यायचं, उत्तरं द्यायची, मगच पुढे.

आमच्यात एक निवृत्त बस ड्रायव्हर आहेत. एका माहितीपत्रकात ‘थोडंसं रक्त घेतलं जाईल’ असं लिहिलं होतं. यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, ‘थोडं म्हणजे किती चमचे?’ समोरच्या प्राध्यापकबाईंनी मिलिलिटर सांगितले. हे म्हणाले, ‘मिलिलिटर नको, चमचे. आणि एका भेटीचे नको, सगळ्या भेटींचे मिळून.’ बाईंनी तिथेच कागदावर बेरीज केली आणि आकडा बघून स्वतःच चपापल्या. पुढच्या खेपेला पत्रक आलं ते चमच्यांत. मला तर हे अगदी तुळशीबागेतल्या घासाघिशीसारखं वाटलं, आणि माणूस एकदम आपला वाटायला लागला.

मला स्वतःला खटकलं ते वेगळंच. निम्म्यांना नवं औषध द्यायचं, निम्म्यांना नाही, आणि कुणाला काय ते नाणं उडवल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार. आजारी माणसाशी असा खेळ? उत्तर मिळालं ते असं: औषध लागू पडतं हे खरोखर माहीत असेल, तर चाचणी करायचा हक्कच नाही, सगळ्यांना द्यायला हवं. आणि माहीत नसेल, तर माहीत असल्याच्या थाटात ते वाटत सुटायचा हक्क नाही. दोन्ही उपचारांत बरा कुठला याची प्रामाणिक शंका असेल तेव्हाच नाणं उडवायचं. म्हणजे शास्त्र ज्या ‘ठाऊक नाही’वर उभं आहे, त्याच्यावरच त्याची नीतीही उभी आहे. हे मला फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर कळलं. शाळेत विज्ञान म्हणजे उत्तरं पाठ करायची, एवढंच शिकले होते.

कोविडमध्ये ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या चाचणीने हेच केलं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियावरच्या जुन्या औषधावर तेव्हा जगाचा भरवसा. आपल्याकडेही लोक दुकानांतून गोळ्या घेऊन ठेवत होते. ५ जून २०२० ला रिकव्हरीने जाहीर केलं की इस्पितळातल्या रुग्णांना त्याचा फायदा नाही. पुढे ११ दिवसांत त्याच चाचणीने डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडबद्दल सांगितलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू त्याने साधारण एक तृतीयांश कमी होतात. सगळ्यांना सगळंच देत बसले असते तर दोन्हींतलं एकही कळलं नसतं.

आपणही काही कमी नव्हतो. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने प्लाझ्माची, म्हणजे कोविडमधून बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव रुग्णांना देण्याची, चाचणी देशातल्या ३९ इस्पितळांत ४६४ रुग्णांवर केली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये निष्कर्ष छापून आला: फायदा नाही. इंग्लंडच्या आधी. तरी एप्रिल २०२१ मध्ये पुण्यातून माझ्या फोनवर दिवसरात्र ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवाय, अर्जंट’ येत होतं आणि नातेवाईक रक्तपेढ्यांच्या दारात उभे होते. १७ मे २०२१ ला प्लाझ्मा सरकारी मार्गदर्शक सूचनांमधून निघाला. सात महिने! ज्या ४६४ जणांनी अंगावर प्रयोग करू दिला, त्यांचं देणं आपण वापरलंच नाही. याचा मला अजून राग येतो.

गेल्या महिन्यात एरंडवण्याहून आत्याचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या डायबेटिसच्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीत येता का विचारलंय. ‘सही करून टाकते गं. वीस वर्षं बघतायत मला, नाही कसं म्हणायचं?’ मला १८९७ ची मुंबई आठवली. हाफकिन या जंतुशास्त्रज्ञाने १० जानेवारीला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना. तयार झालेल्या! तुरुंगात ‘हो’ म्हणणं किती मोकळं असतं? आत्या काही कैदी नाही, पण डॉक्टरांच्या उपकाराखाली दबलेली आहे, आणि उपकार हाही एक बंदोबस्तच.

सही करू नकोस असं मी म्हटलं नाही. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांनी १९९३ पासून पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांच्या अभ्यासात भाग घेतला नसता, तर आपली बाळं दिसायला किरकोळ असूनही अंगात चरबी जास्त घेऊन जन्मतात, हे जगाला कळलं नसतं. त्या अभ्यासात आमचं साउदॅम्प्टनही सहभागी होतं. इथे त्याबद्दल ऐकताना कॉलर ताठ होते.

पण विचार म्हटलं. चाचणी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलेली आहे का? नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे आणि वेबसाइट कुणालाही बघता येते. मध्येच सोडलं तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना? चाचणीमुळे काही झालं तर खर्च कोणाचा? २०१९ च्या नियमांनुसार उपचार त्यांनी फुकट करायचे असतात, नुकसानभरपाई वेगळी. आणि मराठी संमतिपत्राची एक प्रत घरी आण.

प्रत आली. रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून चौकापर्यंत भांडणाऱ्या आत्याने ती तीनदा वाचली, पेन्सिलीने समासात सात प्रश्न लिहिले, आणि चौथ्या पानावरचा एक परिच्छेद ‘कोणाला तरी समजावा असा लिहा’ म्हणून परत पाठवला. निर्णय अजून झालेला नाही. कागद सध्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांकडे आहेत, कारण त्यांना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्यात.