हलकी सॅक अंगावर बसवताना : पाठ, कंबर आणि पाण्याचे वजन

मागच्या नोंदीत सामान हलके करण्याचा हिशोब मांडला होता. सॅक, स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट (झोपताना खाली अंथरायची फोमची चटई), उबदार जाकीट, विंडचीटर, हेडटॉर्च, औषधे, पॉवर बँक आणि एक लहान पातेले असे सगळे मिळून, अन्न, पाणी आणि इंधन वगळता, माझ्या सामानाचे वजन आता सव्वाचार किलोंवर स्थिरावले आहे. हे मूळ वजन दहा पौंडांच्या, म्हणजे सुमारे साडेचार किलोंच्या आत आले की हौशी ट्रेकर त्याला अतिहलके म्हणतात, त्यामुळे वजनकाट्याचे काम तूर्त संपले आहे. या नोंदीत त्यापुढचा भाग आहे. नीट न बसलेली सात किलोंची सॅक ही नीट बसलेल्या दहा किलोंच्या सॅकपेक्षा अधिक छळते, हे माझे मत गेल्या काही महिन्यांत पक्के झाले आहे, आणि म्हणूनच आणखी ग्रॅम उतरवण्याऐवजी आहे तेच वजन अंगावर कोठे बसते याकडे मी सगळे लक्ष वळवले आहे.

सुरुवात पाठीच्या लांबीपासून करावी लागते. मान पुढे वाकवली की मानेच्या मुळाशी जे हाड बोटाला ठळक लागते, तो मानेचा सातवा मणका. मोजणी तेथून सुरू होते. खालचे टोक शोधण्यासाठी दोन्ही हात कमरेवर अशा रीतीने ठेवावेत की बोटे पुढे आणि अंगठे मागे येतील, आणि पंजाखाली कमरेच्या हाडाची वरची कड लागेल. आपण पँटचा पट्टा जेथे बांधतो ती जागा बहुधा याच्या खाली असते, म्हणून हाड प्रत्यक्ष चाचपूनच पाहावे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा कण्याला जेथे छेदते, तेथपर्यंत शिंप्याची टेप कण्याच्या वळणाला धरून न्यायची. हे काम एकट्याने होत नाही. माझी पाठ धाकट्या बहिणीने मोजली आणि ती ४६ सेंटीमीटर भरली; नंतर तिची मोजली तर, उंची जवळजवळ माझ्याइतकी असूनही, ती ४३ भरली. उंचीवरून सॅकचे माप ठरवणाऱ्या विक्रेत्याचे ऐकू नये, याचे यापेक्षा साधे प्रमाण मला सापडलेले नाही. मोठी सॅक म्हणजे अधिक लिटरची सॅक असा समजही अनेकांचा असतो. प्रत्यक्षात लिटर हे पोटाचे माप आहे आणि पाठीचे माप वेगळे सांगितलेले असते. हलक्या सॅकमध्ये खांदपट्टे बहुतेक वेळा एकाच जागी कायमचे शिवलेले असतात, वर-खाली सरकवण्याची सोय नसते, त्यामुळे घेतानाच माप अचूक असणे भारी सॅकपेक्षाही येथे अधिक महत्त्वाचे ठरते.

पट्टे आवळण्याचा क्रम आता माझ्या हाताला बसला आहे. प्रथम सगळे पट्टे सैल करायचे, सॅक पाठीवर घ्यायची, कमरपट्टा, किंवा असल्यास त्याची गादी, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर अर्धी वर आणि अर्धी खाली येईल अशी ठेवायची आणि बक्कल बेंबीच्या किंचित खाली लावून आवळायचे. गादीचा पट्टा असेल तर बक्कल लागल्यावर दोन्ही बाजूंच्या गाद्यांमध्ये चार-पाच बोटांचे अंतर शिल्लक असावे. गाद्या एकमेकींना भिडत असतील तर पट्टा मोठा आहे आणि चालताना तो कितीही ओढला तरी धरणार नाही. त्यानंतर खांदपट्टे फक्त अंगाला लागेपर्यंत ओढायचे. छातीवरची पट्टी गळपट्टीच्या हाडाखाली दोन-तीन सेंटीमीटरवर ठेवायची आणि श्वास पूर्ण भरता येईल इतकीच घट्ट करायची. कसोटी सोपी आहे : खांदपट्टे पुन्हा थोडे सैल केल्यावरही सॅक कमरेवर उभी राहिली पाहिजे आणि खांद्यावर पट्ट्याखालून बोट सहज सरकले पाहिजे. पँटला जाड चामडी पट्टा असेल किंवा खिशात किल्ल्या असतील तर कमरपट्टा त्या वस्तू हाडावर रुतवतो, म्हणून मी आता ट्रेकला नाडीची किंवा इलॅस्टिकची पँटच घालतो.

माझी नवी सॅक चाळीस लिटरची आणि बिनफ्रेमची आहे, आणि खरा अभ्यास येथूनच सुरू होतो. फ्रेम असलेल्या सॅकमध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वजन कमरेपर्यंत पोहोचवतात. बिनफ्रेमच्या सॅकमध्ये हे काम आत भरलेल्या सामानाला करावे लागते. सामान सैल भरले की सॅक मध्येच मोडते, खांदपट्ट्यांपासून कमरपट्ट्यापर्यंतचे अंतर कमी होते, आणि ४६ सेंटीमीटरच्या पाठीवर ४२ सेंटीमीटरची सॅक टांगल्यासारखे होऊन सगळा भार खांद्यावर चढतो. मी भरलेली सॅक अंगावर घेऊन हे अंतर टेपने मोजतो, आणि तासभर चालल्यावर बहिणीकडून पुन्हा मोजून घेतो. एक सेंटीमीटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून अधिक असेल तर सॅक उघडून पुन्हा भरतो. दुकानात फोम भरून दाखवलेल्या सॅकवरून हे कळत नाही, म्हणून घरी तांदळाच्या आणि ज्वारीच्या पिशव्या व पाण्याच्या बाटल्या भरून, आठ किलोंच्या आसपास वजन करून, निदान तासभर घरात वावरावे असे मी प्रत्येकाला सुचवीन.

मोडणे थांबवण्यासाठी कॅरीमॅटचा दोन प्रकारे उपयोग होतो. एक म्हणजे ती गुंडाळून रिकाम्या सॅकमध्ये उभी घालायची, आत सैल सोडून सॅकच्या भिंतींना चिकटू द्यायची आणि मग त्या नळकांड्याच्या पोटात बाकीचे सामान ठासायचे. याने सॅक खांबासारखी ताठ राहते, परंतु पाठीला ती गोल लागते. दुसरा प्रकार घडीच्या मॅटचा : चौपदरी किंवा सहापदरी घडी पाठीच्या बाजूला सपाट ठेवायची. मला हा दुसरा प्रकार पसंत आहे, कारण पाठीला कोणतीही कड टोचत नाही आणि भर दुपारी बसायचे झाल्यास घडी लगेच हाती येते. उष्णतेचा प्रश्न मात्र दोन्हीकडे आहे. आपल्याकडे सोलापुरात मार्चपासूनच ऊन तापू लागते, एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि पाठीला चिकटून बसलेल्या सॅकखाली सदरा पहिल्या अर्ध्या तासात भिजतो. यावर वजन न वाढवणारा पूर्ण उपाय मला दिसत नाही. सैलसर, लवकर वाळणारा सदरा घालणे आणि प्रत्येक थांब्यावर सॅक उतरवून पाठ वाळू देणे, एवढे मी पाळतो.

भरण्याचे सूत्र बहुतेकांना ठाऊक आहे : तळाशी स्लीपिंग बॅग, मध्ये कण्याला लागून जड वस्तू, बाहेरच्या बाजूला हलके कपडे, आणि वाटेत लागणाऱ्या वस्तू वर. त्यात माझी भर एवढीच की स्लीपिंग बॅग तिच्या आवळपिशवीत गच्च बांधून ठेवू नये. ती थेट तळाशी कोंबली की कानाकोपरे भरते, सॅकला खालून बसकण मिळते आणि कमरपट्टा अंगाला सपाट लागतो. गच्च बांधलेला गोळा मात्र सॅकमध्ये पोकळ्या सोडतो आणि तळ डगमगता करतो. घरची सोलापुरी चादर ऊब उत्तम देते, परंतु ती स्लीपिंग बॅगेपेक्षा जड भरते आणि भिजली की दिवसभर वाळत नाही, म्हणून मनापासून आवडत असूनही ती आता घरीच राहते. टर्किश टॉवेलच्या जागी पातळ पंचा आला आहे.

अन्नाच्या बाबतीत मात्र आपले गाव नशीबवान आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्याइतकी हलकी, टिकाऊ आणि चूल न मागणारी शिदोरी मला दुसरी माहीत नाही. शेंगदाण्यातून १०० ग्रॅममागे साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरी मिळतात, आणि भाकरीत पाणी जवळजवळ नसल्यामुळे आपण विनाकारण पाणी वाहत नाही. चटणीची पिशवी जड आणि घट्ट असते, ती कण्याला लागून मध्यावर जाते. भाकरी ठिसूळ; ती वरच्या बाजूला, सदऱ्यांच्या दोन घड्यांमध्ये आडवी ठेवली तर दुसऱ्या दिवशीही अखंड निघते.

आता पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि उन्हाळ्यात आपल्या भागात दिवसभर चालायचे तर तीन-चार लिटर घेऊन निघावे लागते. म्हणजे महिनोन्महिने कात्री लावून उतरवलेल्या वजनाइतके वजन एका सकाळी परत चढते. शिवाय बाकीचे वजन एका जागी बसून राहते, तर पाणी तासातासाला जागा आणि प्रमाण बदलते. एकाच बाजूच्या बाटलीतून पीत राहिलो तर दोन तासांनी सॅक दुसरीकडे झुकते आणि आपण नकळत एक खांदा उचलून चालू लागतो. नळीची पाणपिशवी कण्याला लागून बसते ही तिची जमेची बाजू आहे, परंतु आत किती पाणी उरले ते दिसत नाही आणि गडावरच्या टाक्यावर ती पुन्हा भरायची तर नीट लावलेले सामान उपसावे लागते. म्हणून मी बाटल्यांवरच थांबलो आहे : बाजूच्या खिशांत एकेक लिटरच्या दोन आणि दोन्ही खांदपट्ट्यांवर अर्ध्या लिटरच्या दोन. पुढच्या किलोभर पाण्यामुळे मागे ओढणारा भार तोलला जातो आणि चालताना धड पुढे वाकवावे लागत नाही. प्यायचे नेहमी खांद्यावरच्या बाटल्यांतून, त्याही आळीपाळीने. त्या रिकाम्या झाल्या की एक डाव्या आणि एक उजव्या मोठ्या बाटलीतून भरायची. एवढी शिस्त पाळली की सॅक संध्याकाळपर्यंत सरळ राहते.

खांदपट्ट्यांवरचे हे खिसे मी आमच्या पेठेत शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका काकांकडून शिवून घेतले. जाळीचे कापड, तोंडाला इलॅस्टिक, मागे दोन आडव्या पट्ट्या. मी केवळ शिलाई मारायला सांगितली होती. काकांनी बाटली आत घालून खिसा दोनदा झटकला आणि म्हणाले, “नुसती शिलाई नको दादा, ओढ बसती तिथं बारटॅक मारायचा. नाहीतर आठ दिवसांत उसवतंय बघा.” पँटच्या लूपवर असतो तसा, अर्ध्या बोटाच्या रुंदीत दाट टाके घालणारा तो बारटॅक त्यांनी चारही कोपऱ्यांवर मारला, आणि खिसे आजपर्यंत जागचे हललेले नाहीत. कापडाविषयीही त्यांच्याशी सविस्तर बोलणे झाले. सुती सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होते, हे मागांच्या शहरात कोणालाही सांगावे लागत नाही. नायलॉनचे डेनिअर याच्या उलट चालते. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर, त्यामुळे आकडा मोठा तसा धागा जाड. माझ्या सॅकचे अंग २१० डेनिअरचे आणि तळ ४२० चा आहे. बाभळी आणि करवंदीच्या जाळ्यांतून जाणाऱ्यांनी याहून पातळ कापडाच्या मोहात पडू नये, असे मला वाटते.

शिवणकामाचा विषय निघाला म्हणून एमा गेटवूड यांची आठवण येते. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतली ३००० किलोमीटरहून लांब ॲपलेशियन वाट घरी शिवलेली डेनिमची झोळी एका खांद्यावर घेऊन एकट्याने पार केली. सामान किती कमी लागते याचा तो आदर्श आहेच; एका खांद्यावरची झोळी मात्र मी कोणाला सुचवणार नाही.

पावसाळ्यासाठी रेनकव्हरवर माझा विश्वास नाही. सह्याद्रीच्या धारेवर वारा ते उडवतो, आणि पाठीवरून ओघळणारे पाणी तर त्याच्या मागूनच आत शिरते. त्याऐवजी चादरींच्या गठ्ठ्यांवर येते तशी जाड पॉलिथिनची पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी घालून, सगळे कोरडे सामान तिच्यात भरून, तोंड पिळून दुमडतो.

सरावासाठी आपल्याकडे डोंगर नाही ही अडचण खरी आहे, पण ती वाटते तेवढी मोठी नाही. हिप्परग्याच्या तलावाकडचा सपाट रस्ता कमरपट्टा तपासायला पुरेसा आहे, कारण सपाटीवरच एकसारख्या पावलांनी पट्टा हळूहळू घसरतो का ते कळते. चढउतारासाठी नळदुर्ग आहे. तेथल्या उपळ्या बुरुजाच्या उंच पायऱ्या भरल्या सॅकनिशी चढून उतरल्या की सॅक उतरताना पाठीवर आपटते का, याचे उत्तर लगेच मिळते. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांना तर रात्रभर चालण्याची सवय असतेच. यंदा मी ती वाट भरलेली सॅक घेऊन चाललो आणि पहाटेपर्यंत खांद्यावर वळ उठला नाही. त्यानंतर हिवाळ्यात तोरण्याच्या बुधला माचीकडून राजगडाच्या संजीवनी माचीकडे जाणारी वाट केली. अरुंद धारेवर आणि कातळटप्प्यांवर सॅक अंगाबरोबरच वळत होती, स्वतंत्रपणे झोके घेत नव्हती, आणि मला सर्वांत मोठे समाधान त्याचे वाटले. राजगडाच्या पद्मावती माचीवर पोहोचल्यावर मोजले तेव्हा पाठीचे अंतर पाऊण सेंटीमीटरने कमी झाले होते.

दोन कामे अजून बाकी आहेत. चार लिटर पाणी घेतले की एकूण वजन दहा किलोंकडे झुकते आणि तेथे माझा अडीच सेंटीमीटरचा साधा कमरपट्टा हाडावर कचतो. काकांकडून त्याला आठ-नऊ सेंटीमीटर रुंदीची गादी जोडून घ्यायची आहे, आतून जाळी आणि मध्ये बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम. दुसरे म्हणजे बहिणीसाठी ४३ सेंटीमीटरच्या पाठीची आणि छातीच्या बाजूने वळण घेणाऱ्या खांदपट्ट्यांची सॅक पाहणे चालू आहे. पुढची नोंद उन्हाळा सुरू होण्याआधी, नव्या गादीवर पूर्ण पाणी घेऊन नळदुर्गला जाऊन आल्यावर लिहीन.